आण्णांच्या नावावरची लाज

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मेहुण्यापाशी नाही. ज्या डॉक्टर मित्रांबरोबर बसून आम्ही एकमेकांच्या चुका चहाच्या घोटाबरोबर सांगतो, त्यांच्यापाशीही नाही. मी मुळात फार बोलणारा माणूस नव्हे. पण आता बोलायचं ठरवलंय, तर नीट बोलतो. 

माझ्या सासरवाडीला, जळकोटला, एक गोष्ट सांगितली जाते. लग्नकार्य असो नाहीतर कुणाचा दहावा, पंगत उठली आणि पानाचं तबक फिरायला लागलं की कुणीतरी ती काढतंच. माझे सासरे — सगळं गाव त्यांना आण्णा म्हणायचं, मीही आण्णाच म्हणायचो — घरचा जावई डॉक्टर असून लाजेपायी गेले. जावयापुढं उघडं कसं व्हायचं, म्हणून त्यांनी तपासणी करू दिली नाही, आणि दुखणं हाडात शिरलं. सांगणारा शेवटी थोडं हसतो. ऐकणारे माना हलवतात. जुनी माणसं, दुसरं काय. माझी बायको शालन तेवढी हसत नाही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसते. आणि मी? मी तिथंच असतो. गालात सुपारी धरून.

ही गोष्ट पहिल्यांदा कुणी सांगितली, ते आता तिथं कुणाला आठवत नाही. मला आठवतं.

थांबा. आधी ते यंत्र सांगायला हवं. नाहीतर लाज कसली, तेच तुम्हाला कळणार नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमच्या भागात तेव्हा जे काही उभं राहायचं ते सहकारातून — सूतगिरणी, दूध सोसायटी, साखर कारखान्याचं स्वप्न. त्याच सहकारातल्या लोकांनी वर्गणी काढून तालुक्याच्या गावी एक धर्मादाय दवाखाना बांधला होता, आणि मी तिथं नोकरीला होतो. मुंबईच्या कुणा देणगीदारानं दवाखान्याला वापरलेलं सोनोग्राफी मशीन पाठवलं. त्याच्याबरोबर एक दांडी आली. अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब. ती कशासाठी असते हे दवाखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. कारकुनानं ती धूळ पुसून कपाटात ठेवली होती. मी पुण्याला जाऊन शिकून आलो आणि ती बाहेर काढली.

पुरुषाच्या लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी एक ग्रंथी असते, प्रोस्टेट. तरुणपणी मोठ्या सुपारीएवढी. वय झालं की ती फुगते आणि लघवीची वाट आवळते. पोटावरून बघायची म्हटलं तर पिशवी पाण्यानं टच्च भरलेली लागते, आणि तरीही ती लांबूनच दिसते — आडाच्या काठावर उभं राहून तळ बघावा तशी. पण संडासाच्या वाटेनं दांडी आत गेली की मधे बोटभरही अंतर उरत नाही. ग्रंथीचा काठ गुळगुळीत आहे की कुठं फाटलाय, आत एखादा काळा डाग दबा धरून बसलाय का, पिशवीच्या तळाशी खडा आहे का — सगळं पडद्यावर. आधी हातमोजा घालून बोटानं चाचपायचं, मग दांडी. बोट सांगतं कठीण आहे की मऊ. दांडी सांगते कुठं आणि किती. मी त्यात तरबेज झालो होतो. हे मी आजही मान वर करून सांगतो. आसपास हे करणारा दुसरा कुणी मला माहीत नव्हता.

माणसं लाजायची, पण मी ती वळवायचो. दुष्काळाची सालं होती ती. टँकरच्या रांगेतून उठून आलेली माणसं आमच्या बाकावर बसायची, आणि सिस्टर प्रत्येकाच्या हातात तांब्या द्यायची — पिशवी भरायला हवी, प्या. म्हातारे म्हणायचे, असला दवाखाना बघितला नाही. एक तर फुकट पाणी पाजतात, वर सोडू नका म्हणतात. दांडीवर चढवायला आम्ही कुटुंबनियोजनाच्या खोलीतून निरोध आणायचो. ईट गावचा एक गडी ते पाकीट बघून म्हणाला होता, "डॉक्टर, कुटुंब तर घरीच राहिलं की ओ." असं कुणी बोललं की खोलीत हसू फुटायचं, आणि हसलेला माणूस सैल पडतो. सैल पडला की काम मिनिटात होतं.

पण त्याच हशातून मला एक नाव पडलं. दांडीवाला डॉक्टर.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय? खरंच काय होतं त्यात? पण ते नाव माझ्याआधी जळकोटला पोचलं. शालनचा भाऊ दत्ता, स्वभावानं वल्ली. एकदा भर पंगतीत वाढता वाढता म्हणाला, "दाजी, दांडी घरी ठेवून आलाव न्हवं? न्हाय, म्हातारी माणसं पंगतीला बसंनात झाली." सगळी ओसरी हसली. मीही हसलो. घरी परतताना मात्र एसटीत शालनशी शब्द बोललो नाही. मी मुरुम गावच्या एका छोट्या दुकानदाराचा मुलगा. डॉक्टर झालो, तेव्हा मानाचं ताट काय असतं ते मला पहिल्यांदा जळकोटच्या त्या ओसरीवर कळलं होतं. ते ताट मला हवं होतं. थोडंही कलंडलेलं नको होतं.

आणि ते ताट आण्णांनी वाढलेलं होतं.

आण्णा गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. चेअरमन म्हटल्यावर डोळ्यांपुढं जी कडक टोपी येते, ती त्यांची नव्हे. पहाटे संकलनाला स्वतः उभे राहायचे, बोटावर दुधाचा थेंब घेऊन जिभेला लावायचे, आणि पाणी घातलेलं असलं तर घालणाऱ्याकडं नुसतं बघायचे. दुष्काळात चारा मिळेना, तर सोसायटीच्या आवारातच जनावरांची छावणी लावली. गुरांचा डॉक्टर आला की गाय गाभण आहे की नाही हे बघायला शेपूट धरून आण्णाच उभे. शेण अंगावर उडालं तर धोतरानं पुसायचे आणि बोलणं पुढं चालू. अंगाची, देहाची किळस त्या माणसाला ठाऊकच नव्हती. हे लक्षात ठेवा — मी हे लक्षात ठेवायला हवं होतं.

त्या उन्हाळ्यात अधिक महिना आला होता. आमच्याकडं अधिकात जावयाला धोंड्याचं जेवण असतं — पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे वाढायचे. जावई म्हणजे त्या महिन्यात देवच. आण्णा आम्हाला बोलावणं करायला आले होते. चहा घेता घेता शालननं त्यांचं गाऱ्हाणं काढलं: आण्णा लघवीला जातात ते उभेच राहतात, कमरेत धरतं म्हणतात, कुणाला दाखवत नाहीत. आण्णांनी ते झटकलं. गावात पाणीच नाही, तर लघवी कुठनं येणार — अख्खं जळकोट कोरडंच मुततंय, असं काहीतरी म्हणाले. शालन पदर तोंडाला लावून हसली. पण तिनं त्यांना माझ्याबरोबर दवाखान्यात धाडलंच.

तांब्याभर पाणी पिऊन ते टेबलावर आडवे झाले. मी पोटावरून बघितलं. ग्रंथी वाढलेली होती; ती त्या वयात बहुतेकांची असते. लघवी करून आल्यावर परत बघितलं, तर पिशवी अर्धीसुद्धा रिकामी झालेली नव्हती. आणि डाव्या अंगाला काठ — कसा सांगू? — लांबूनही मला तो आवडला नाही. दुसरा कुणी असता तर मी एका क्षणात म्हणालो असतो, कुशीवर वळा. हातमोजा तिथंच होता. दांडी तिथंच होती.

 आण्णाच बोलले. पडद्याकडं बघत होते, मग माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि म्हणाले,

"आतनं बघावं लागतंय व्हय? मग बघा की. आमच्याकडं गाईत कोपरापातुर हात घालतेत, म्या शेपूट धरून हुबा असतो. तुमची तर बोटभर दांडी."

आता सांगा, याहून सोपं काही असतं का? एका रुग्णानं डॉक्टरला याहून जास्त काय द्यायचं?

आणि मी — माझ्या डोळ्यांपुढं परात आली. लग्नातली पितळी परात. आण्णा वाकून माझे पाय धूत होते, ओले पाय स्वतःच्या उपरण्यानं टिपत होते. आठच दिवसांनी मला तसाच पाटावर बसवणार होते. आणि मी त्यांना —? हे कारण मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगितलं. ते दिसायला चांगलं होतं: आदर, संस्कार. पण ते खरं कारण नव्हे. खरं कारण हे, की आण्णा ही गोष्ट स्वतःच हसत हसत सोसायटीच्या कट्ट्यावर सांगतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. जावयानं काय केलं माहिताय का, म्हणून. धोंड्याच्या पंगतीला माझं ताट वाढलेलं असेल, आणि दत्ता पुरण वाढता वाढता माझ्या हाताकडं बघेल. मला ती ओसरी हसताना ऐकू आली. सिस्टर दाराशी उभी होती, ती हसेल असंही वाटलं. नुसत्या हसण्याला भ्यालो मी. मरणाला नव्हे, चुकीला नव्हे — हसण्याला.

"गरज नाही, आण्णा," मी म्हणालो. "वरूनच सगळं दिसलं. वयोमानानं गाठ वाढलीय, एवढंच."

ते उठून बसले, धोतर सारखं केलं. बघा बरं, न्हायतर परत हेलपाटा घालायला लावाल, म्हणाले. मी औषध लिहून दिलं आणि ऑपरेशनचं दिवाळीनंतर बघू म्हणालो. सोलापूरला पाठवता आलं असतं. तेही मी केलं नाही. कारण तिथला सर्जन पहिला प्रश्न हाच विचारणार होता, की तुझ्याकडं दांडी असताना तू आतून का बघितलं नाहीस? मग आठ दिवसांनी मी पाटावर बसलो. पाय धुवून घेतले. धोंडे खाल्ले — गुळाचं पुरण, वर तुपाची धार. घास अडकला नाही. अडकला असं लिहिलं तर बरं दिसेल, पण अडकला नाही.

दिवाळीच्या सुमाराला आण्णांची कंबर गेली. उठता येईना. तेव्हा मात्र सोलापूरला नेलं. तिथल्या सर्जननं हातमोजा घातला, बोट घातलं आणि काढलं. एवढ्यात त्याला कळलं. ग्रंथी दगडासारखी झाली होती. हाडांच्या फोटोत दुखणं मणक्यांपर्यंत पोचलेलं. बाहेर व्हरांड्यात येऊन त्यानं मला विचारलं — शालन आणि दत्ता शेजारीच उभे होते — की उन्हाळ्यात आतून बघितलं नव्हतं का?

इथं मी थांबू शकलो असतो. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. माझी चूक तोवर फक्त चूक होती.

"ते नको म्हणाले," मी म्हणालो. "जावयाकडून कसं करून घ्यायचं, म्हणाले."

इतकं सहज आलं ते. इतकं बसलं. सर्जननं मान हलवली. होतं असं, खेड्यातली माणसं, म्हणाला. दत्तानं कपाळावर हात मारून घेतला. शालन भिंतीला टेकली, आणि मी तिला धरलं. हो — तिला धरणाराही मीच होतो.

मग दत्ता आत गेला. मी त्याच्या मागं गेलो. मला थांबवता आलं नाही त्याला. खाटेपाशी बसून, आण्णांचा हात हातात घेऊन तो रागावला. प्रेमानं रागावला, जसं आपण फक्त बापावर रागावू शकतो. म्हणाला, आण्णा, दाजी काय परके होते का? त्यांच्यापुढं कसली लाज? एवढी तपासणी करू दिली असती तर ही वेळ आली असती का?

आण्णांनी ते ऐकून घेतलं. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. पाणी घातलेलं दूध आणणाऱ्याकडं बघायचे, तसं? नाही. ती नजर मी ओळखली असती, तिला उत्तर देता आलं असतं. ही वेगळी होती. कुणीतरी आपल्या दारात आलंय आणि त्याला बसायला काय द्यावं, याचा विचार करणारी.

"व्हय," ते दत्ताला म्हणाले. "लाजलो म्या. चुकलंच माझं. दाजीस्नी काय बोलू नगंस."

शेवटपर्यंत त्यांनी यापुढं एक अक्षर काढलं नाही. ना माझ्यापाशी, ना कुणापाशी. संक्रांत त्यांना दिसली नाही. आपल्याकडं जावयाचा मान राखायचा तो परातीत आणि पाटावर संपतो, असं मला वाटत होतं. त्या माणसानं तो मरणाच्या खाटेवरही राखला. आणि मी राखून घेतला.

पुढचं सांगायला मला जास्त जड जातं, कारण पुढचं यशस्वी झालं.

आण्णा गेल्यावर त्यांची गोष्ट मी दवाखान्यात वापरायला लागलो. कुणी कुरकुरायला लागलं, धोतर घट्ट धरून बसलं, की मी खुर्ची ओढून जवळ बसायचो आणि सांगायचो: माझे सासरे असेच लाजले, आणि हातचे गेले. तुम्ही ती चूक करू नका. माणूस गप्प व्हायचा. मग हळूच कुशीवर वळायचा. जळकोटची, मुरुमची, पार सीमेपलीकडची कानडी बोलणारी माणसं आली. कित्येकांचं दुखणं वेळेत सापडलं. काहीजण आजही बाजारात भेटले की हात जोडतात. या गोष्टीनं माणसं वाचली, यात मला शंका नाही. मी चांगला डॉक्टर झालो, यातही नाही. आणि प्रत्येक वेळी, प्रत्येक माणसापुढं, मी आण्णांना पुन्हा एकदा लाजवलं. जो माणूस आयुष्यात कधी कशाला लाजला नाही, त्याला.

तुम्ही मला विचाराल — त्या उन्हाळ्यात आतून बघितलं असतं तर ते वाचले असते का? मला माहीत नाही. कदाचित दुखणं तेव्हाच हाडात उतरलेलं असेल. कमरेचं दुखणं होतंच. एक डॉक्टर म्हणून मी याचा दोन्ही बाजूंनी विचार करू शकतो, आणि केलाय. पण हे ‘कदाचित’ माझ्या कामाचं नाही. त्याच्या आड मी उभा राहणार नाही.

परवा दत्ता आला होता. आता त्याचंही वय झालंय, लघवीचा तोच त्रास. येतानाच हसत होता. टेबलावर चढला आणि मी सांगायच्या आधीच म्हणाला, "दाजी, म्या काय आण्णासारखा लाजाळू न्हाय हां." मी हातमोजा घातला. तपासलं, दांडीनंही बघितलं. काठ गुळगुळीत, साधी वाढ, काळजीचं काही नाही. तसं त्याला सांगितलं. तो कपडे सारखे करत बापाची आठवण काढत राहिला: आण्णांनी एवढं जरी केलं असतं तर. खोलीत आम्ही दोघंच होतो. दार लावलेलं होतं. सांगायला याहून चांगली जागा मिळणार नव्हती, आणि तरीही मी सिस्टरला चहा सांगितला.

म्हणून हे लिहिलं. छापलं की शालन वाचेल. ती माझं सगळं वाचते. दत्तालाही कुणीतरी वाचून दाखवेल. त्यांनी काय करावं हे मी सांगणार नाही. मला त्यांच्याकडून काही नको.

फक्त एक गोष्ट वर सांगायची टाळली, ती सांगतो.

उन्हाळ्यात त्या टेबलावर आण्णा नुसतं बोलून थांबले नव्हते. "बघा की" म्हणाले आणि माझ्या उत्तराची वाट न बघता भिंतीकडं तोंड करून कुशीवर वळले. धोतर स्वतःच सोडलं. गुडघे पोटाशी घेतले — बाहेर बाकावर बसलेल्या कुणीतरी त्यांना सांगितलं असणार, असं निजायचं असतं म्हणून. आणि तसेच पडून राहिले, पाठमोरे, अंग सैल टाकून. मी हातमोज्याकडं बघत उभा होतो. मग मी त्यांचं धोतर त्यांच्या अंगावर ओढलं, आणि म्हणालो, उठा.